चारशे सतरा नंबरचा नग

आमच्या लॉन्ड्रीत काउंटरच्या वर एक पाटी आहे: 'पावतीशिवाय कपडे मिळणार नाहीत. ओळख सांगू नये.' त्यातलं दुसरं वाक्य बाबांचं स्वतःचं. फार पूर्वी एका गोडबोल्या माणसाने 'मी त्यांचा भाऊच' असं सांगून एका गिऱ्हाइकाचा कोरा सूट नेला, आणि नंतर कळलं की त्या गिऱ्हाइकाला भाऊच नाही. तेव्हा बाबांचा माणसांवरचा विश्वास उडाला आणि कागदावर जाऊन बसला. एकदा त्यांनी स्वतःचाच कोट धुवायला टाकला आणि पावती हरवली. तो कोट सगळी थंडी रॅकवर लटकत राहिला आणि बाबा त्याच्याच खाली उभे राहून कुडकुडत होते. आई म्हणायची, नशीब माझं, मला घरी आणलं तेव्हा पाटी लावलेली नव्हती.

हे आधीच सांगून ठेवते. त्या रविवारी मी जे केलं ते दुसऱ्या कुठल्या घरातल्या मुलीला सुचलंच नसतं.

त्या रविवारी दुपारी चार वाजता माझी लांब उडीची निवड होती. शहराच्या संघात सतरा वर्षांखालच्या गटात एकच जागा, आणि मला पुढच्याच महिन्यात सतरा पूर्ण होणार होती. म्हणजे त्या दिवशी नाही तर कधीच नाही. आमचे सर घड्याळाचे पक्के. चारला यादी बंद. आदल्या वर्षी एक मुलगी चार वाजून दोन मिनिटांनी धापा टाकत आली, तर सरांनी तिला पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली आणि परत पाठवलं. आम्ही बाकीच्या मुली वाळूच्या कडेला उभ्या होतो. 'बरोबरच आहे,' असं मीच सगळ्यांत मोठ्याने म्हणाले होते.

आई-बाबा सकाळीच व्हॅनमध्ये एका हॉलचे दीडशे टेबलक्लॉथ भरून गावाबाहेर गेले होते, ते दिवे लागेपर्यंत येणार नव्हते. दुकानावर मी आणि माझा मावसभाऊ. तो पंधरा वर्षांचा, सुट्टीला आलेला. त्याला सगळे प्रोफेसर म्हणतात, थोडं चष्म्यामुळे आणि बरंचसं स्वभावामुळे. आमचं ठरलं होतं की साडेतीनला मी निघायचं आणि सहापर्यंत त्याने काउंटर सांभाळायचा. सगळं कसं छान जुळून आलं होतं, आणि तेवढ्यात ताई तिच्या चिरंजीवांना घेऊन खाली आली.

ताई तीन आठवड्यांपासून आमच्याकडे होती. 'कोणी विचारलं तर सुट्टीला आलीय म्हणायचं,' असं आईने मला बजावलं होतं. सुट्टीला आलेली माणसं सगळे स्वेटर आणि मिक्सर घेऊन येत नाहीत, एवढं मला कळत होतं. भाऊजी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. शिकाऊ माणसाशेजारी बसून बारा वर्षं ब्रेक दाबल्यामुळे त्यांचा उजवा पाय घरातही आपोआप दाबला जातो, समोर नुसता कप कलंडला तरी. ताईची तक्रार तीच होती, की या माणसाला आयुष्यात ब्रेक सोडून दुसरं काही दाबताच येत नाही. आई स्वयंपाकघरात बाबांना हळू आवाजात म्हणाली होती, 'तो आला आणि पोराला घेऊन गेला तर?' हळू आवाजात बोललेलं आमच्या घरात सगळ्यांत आधी मला ऐकू येतं.

तर ताईला 'एका कामाला' जायचं होतं. तीनला नक्की येते म्हणाली. मी म्हटलं, माझं चारला आहे. ती म्हणाली, अगं माहीत आहे, तीन म्हणजे तीन. मग तिने सूचना सुरू केल्या. ब्रेडच्या कडा काढायच्या. दूध कोमट, पण कोमट आहे असं त्याला सांगायचं नाही. बाहेर न्यायचं नाही. 'नाही' म्हणायचं नाही, 'थोड्या वेळाने' म्हणायचं. प्रोफेसर पावतीपुस्तक पुढे ओढून हे सगळं गंभीरपणे लिहीत होता. शेवटी त्याने पान फाडून तिच्या हातात ठेवलं. 'नग एक. वय पाच. आधीचे डाग: उजवा गुडघा, हनुवटी. पिळू नये. आज तीन वाजता परत.' ताई हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच हसली असेल. पावतीची घडी करून तिने पर्समध्ये टाकली आणि गेली.

चिरंजीवांना हा अन्याय वाटला. पावती आहे तर मग नंबर कुठे आहे? प्रत्येक कपड्याला असतो तसा नंबर त्याला हवा होता, आत्ता हवा होता. पुढची पट्टी चारशे सतराची होती. चारशे सोळा म्हणजे कोणाचा तरी बैठकीच्या खोलीतला पडदा. ती पट्टी त्याच्या खिशाला टाचली आणि तिथून त्याने स्वतःच्या नावाला ओ देणं बंद केलं.

'चारशे सतराला भूक लागलीय,' असं फर्मान सुटलं. मी ब्रेड त्रिकोणी कापला. त्याला अख्खा हवा होता. दुसरा अख्खा दिला तर तो नको, हाच अख्खा करून हवा होता. प्रोफेसरने दोन त्रिकोण जॅम लावून चिकटवले, तर मधली रेघ दिसते म्हणून साहेबांनी भोकाड पसरलं. मग काळ्या ओव्हरकोटची भीती वाटली म्हणून तो भिंतीकडे तोंड करून टांगायचा. मग बाकीच्या कोटांना वाईट वाटेल म्हणून सगळेच. आम्ही साठेक कपडे उलटे केले आणि पट्ट्या सगळ्या भिंतीकडे गेल्या. पुढच्या अर्ध्या तासात चार गिऱ्हाइकं आली आणि प्रोफेसर रॅकमागे शिरून पाठीवर सरपटत नंबर वाचत होता. मला घोडा केलं, पण बसलेला घोडा, कारण चालणाऱ्या घोड्यावर त्याला मळमळतं. पाच वर्षांच्या पोराने आमच्या नाकी नऊ आणले होते, आणि मी त्याची मावशी आहे याची आठवण तो दर दोन मिनिटांनी करून द्यायचा.

तीन वाजले. मी बूट चढवायला मागे गेले, मोजून पाच मिनिटं. तेवढ्यात एक बाई ब्लाउजवरच्या डागावरून प्रोफेसरशी वाद घालायला लागल्या आणि नग गायब झाला. सापडला तो ड्रायरच्या पिंपात, गुडघे पोटाशी घेऊन. यंत्र बंद होतं, तरी मी त्याला ओढून बाहेर काढलं. मागे गरम प्रेस चालू होती. एकाने काउंटर आणि एकाने पोरगा, याला दुसरा इलाज नव्हता. एकट्या प्रोफेसरवर दोन्ही सोपवून जाणं मला जमणार नव्हतं.

सव्वातीनला मी ताईला फोन लावला. तो काउंटरखाली चार्जरवर वाजला.

मग मी चारशे सतराचे पाय धरले. म्हटलं, बाहेर न्यायचं नाही असं आई म्हणाली आहे, पण तू आणि मी गुपचूप मैदानावर जाऊ, मी उडी मारते ती तू बघ. त्याने मान हलवली. म्हणाला, पावतीवर तीन लिहिलंय, तीन वाजून गेलेत, आता कोणी न्यायला आल्याशिवाय चारशे सतरा हलणार नाही. आमच्या घराण्याचं रक्त. मी रॅकखाली त्याच्यासमोर बसून घड्याळ बघत होते आणि खरं सांगते, त्या क्षणी कोणीही येऊन त्याला मागितलं असतं तरी मी देऊन टाकला असता.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी दारासमोर डोक्यावर लाल पाटी असलेली गाडी थांबली आणि भाऊजी आत आले. थोडे बारीक झाले होते. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं होती, तर ते त्यांच्या मागे रांगेत उभे राहिले. स्वतःच्या सासुरवाडीत. नंबर आल्यावर म्हणाले, 'पोराला न्यायला आलोय. तिला माहीत आहे.'

चारशे सतरा कोटांमधून बाहेर आला, बापाला पाहून त्याचा चेहरा फुलला, पण कामात कसूर नाही. 'पावती दाखवा,' तो म्हणाला.

भाऊजी हसले आणि खिसे चाचपल्यासारखं केलं. प्रोफेसरही लगेच साहेबाच्या आवाजात म्हणाला की पावतीशिवाय देता येत नाही, पाटी वाचावी. गंमत चालली होती. मी तोपर्यंत पोराच्या बुटांच्या नाड्या बांधायलाही घेतल्या होत्या. साडेतीनला निघाले तर पळत पावणेचारला पोचते, हा हिशेब डोक्यात चालू होता. आईचं ते हळू आवाजातलं वाक्यही डोक्यात होतं, पण मी त्याला जरा बाजूला बसायला सांगितलं होतं. तरी हात थोडा अडला असावा, कारण भाऊजींना ते दिसलं.

'तिलाच विचार ना,' ते म्हणाले आणि त्यांनी फोन लावला.

काउंटरखाली ताईचा फोन वाजायला लागला. मी तो उचलून वर ठेवला. पडद्यावर भाऊजींचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं: उचलू नको.

मी वाचलं. प्रोफेसरने वाचलं. काउंटर फार रुंद नाही, भाऊजींनीही वाचलं. फोन वाजतच राहिला, कारण तो बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. भाऊजींचा उजवा पाय हळूच दाबला गेला.

मी नाडी सोडली आणि उभी राहिले. मला भयंकर राग आला होता, आणि तो भाऊजींचा, ताईचा की घड्याळाचा ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. ताईने ज्याचा फोनही घ्यायचा नाही ठरवलं होतं, त्याला मी उडीच्या घाईत तिचा पोरगा देऊन टाकणार होते. 'पावती आणा भाऊजी,' मी म्हणाले. या वेळी गंमत नव्हती.

'अगं, तिनेच...' ते म्हणाले. 'आणि तुझं ते...' मग फोनच्या पडद्याकडे पुन्हा एकदा बघितलं आणि वाक्य तिथेच थांबवलं. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. मला वाटतं, आवाज चढवला असता तर मी दिला असता. 'बरं, आणतो,' एवढंच म्हणून ते गाडीत बसले आणि आरशात बघून, हात दाखवून, नियमाप्रमाणे निघून गेले.

चारशे सतरा दारापर्यंत धावला. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर तो माझ्याकडे वळला. 'मी खेळत होतो,' म्हणाला.

त्यानंतर त्याने काहीही मागितलं नाही. ब्रेड नाही, घोडा नाही. कोट आपले भिंतीकडे तोंड करून होते, त्यांच्याखाली तोही तसाच बसला. मी त्याला कोट वळवू का विचारलं, दूध देऊ का विचारलं, चालता घोडा होऊ का विचारलं. तो 'थोड्या वेळाने' म्हणाला. दिवसभर ज्याची फर्मानं ऐकून कान किटले होते त्याने एक तरी हुकूम सोडावा म्हणून मी तळमळत होते, आणि मधेच समोरच्या घड्याळात चार वाजले. प्रोफेसरने चष्मा काढून पुसला. सॉरी म्हणाला, जसं काही ते त्याने वाजवले होते. मी मागे गेले, प्रेसच्या आवाजात रडून घेतलं आणि परत आले.

चार पंचवीसला ताई आली. चालत आलेली, घामाघूम, पण चेहरा असा की मी तिला इतक्या आनंदात बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. 'गेले का बाप-लेक दोघं?' तिने प्रोफेसरला विचारलं आणि मग तिला मी दिसले, आणि रॅकखालचे दोन बूट.

हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचं काम म्हणजे भाड्याने खोली बघणं. खाली गाडी घेऊन भाऊजी उभे होते, त्यांना तिनेच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये निरोप ठेवून कळवलं होतं, शेवटचं काय ते बोलून टाकू म्हणून. शेवटचं बोलता बोलता सकाळ गेली, दुपार गेली, आणि खोली नको असं ठरलं. ती वर घरमालकिणीला नाही म्हणायला गेली. घरमालकीण लवकर सोडणारी नव्हती. म्हणून तिने भाऊजींना पुढे पाठवलं.

'मीच म्हटलं त्यांना, तू आधी जा आणि पोराला घे,' ताई म्हणाली. 'तिची चारला उडी आहे, तिला उशीर व्हायला नको.'

प्रोफेसरने तिला पावतीचं सांगितलं. तिने पर्स उघडली, घडी केलेली पावती बाहेर काढली आणि बघत राहिली. द्यायचं लक्षातच आलं नाही, म्हणाली. मग त्याने तिला फोनचं सांगितलं. ताई स्टुलावर बसली. ते नाव तिने आली त्या रात्री घातलं होतं आणि नंतर विसरून गेली होती. 'त्यांनी वाचलं?' तिने विचारलं. आम्ही दोघांनी मान डोलावली.

ती फोन हातात घेऊन बसली होती तेवढ्यात लाल पाटीची गाडी परत आली. भाऊजी पावती आणायला खोलीच्या पत्त्यावर गेले, तर ताई निघालेली. मग येतानाच्या रस्त्याने तिला शोधत शोधत आले होते. आत येऊन पुन्हा रांगेच्या जागी उभे राहिले, रांग नसताना. 'पावती मिळाली नाही,' म्हणाले.

ताईने पावती काउंटरवर ठेवली. मग फोन उचलला आणि त्यांच्याकडे न बघता विचारलं, 'काय नाव घालू?'

'राहू दे तेच,' भाऊजी म्हणाले. 'उचललास म्हणजे झालं.'

चारशे सतरा बाहेर आला. त्याने पावती वाचून घेतली, म्हणजे वाचल्यासारखी केली, आणि स्वतःची सुटका मंजूर केली. मग त्याने आदेश दिला की आता मावशीला उडीला न्यायचं. मी म्हटलं, संपलं ते. तो म्हणाला, नाही संपलं, मी बघितली कुठे. दिवसभरातला तो एकच हुकूम असा, की तो मोडायचं कोणाच्या मनात आलं नाही. प्रोफेसर काउंटरवर थांबला. वाटेत एक पिवळा दिवा लागला आणि भाऊजींनी गाडी थांबवली नाही. ताईने त्यांच्याकडे वळून बघितलं.

मैदानावर मुली गेल्या होत्या. सर एकटेच दाताळ्याने वाळू सारखी करत होते, टेप गुंडाळून खिशात. मला बघून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. मी ठीक आहे म्हटलं. ताई पुढे होऊन समजावायला लागली, की चूक हिची नाही, माझी आहे, ही बिचारी पोर सांभाळत होती. सर शांतपणे ऐकत होते. म्हणाले, पटतंय, पण यादी चारला गेली.

मी ताईचा हात धरून तिला मागे घेतलं. दीड तासापूर्वी मी एका बापाला कागद नाही म्हणून त्याचा पोरगा दिला नव्हता. सरांशी भांडायला मी तोंड कुठून आणणार होते? आणि मागच्या वर्षी 'बरोबरच आहे' म्हणणारी मीच होते, ते सरांना आठवत असेल की नाही माहीत नाही, मला आठवत होतं.

'उडी,' चारशे सतरा म्हणाला. खिशाची पट्टी अजून तशीच होती.

सर बाजूला झाले. वाळू आत्ताच सारखी केलीय, एवढं मात्र पुटपुटले. मी मागे जाऊन पावलं मोजली, धावले, फळीवर पाय अगदी नेमका पडला. तसा तो आधी कधी पडला नव्हता. वाळूत पडून उठले आणि मागे न बघता कडेने बाहेर आले.

सर खुणेकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.

'मोजा की सर,' भाऊजी म्हणाले.

'मोजलं तर लिहावं लागेल,' सर म्हणाले. 'कुठे लिहू?'

वाळूच्या कडेला एक छोटी झेंडी रोवलेली होती, पहिल्या आलेल्या मुलीच्या खुणेशी. माझ्या टाचांची खूण झेंडीच्या पुढे होती, वीतभर तरी. सरांनी वाकून आधी झेंडी उपटली, खिशात घातली, आणि मग दाताळं घेऊन वाळू पुन्हा सारखी केली.